थंडीच्या आधीची केळीबाग

(रावेर तालुक्यातील केळी उत्पादकांच्या मेळाव्यात कार्तिक महिन्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी झाली. हरभऱ्याची पेरणी, गव्हाची तयारी, कांद्याची रोपे या सगळ्यांची एकदम घाई आहे आणि मजूर मिळत नाहीत. अशा वेळी केळीच्या बागेकडे थोडे दुर्लक्ष होतेच. बागही तक्रार करीत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पाने भराभर निघतात, सगळे हिरवेगार दिसते, आणि आता काही करायचे राहिले आहे असे वाटत नाही. मला आज बोलायचे आहे ते याच पंधरा-वीस दिवसांविषयी. केळीवर थंडीचे नुकसान दिसते पौषात, पण ते टाळण्याची बहुतेक कामे कार्तिकात उरकावी लागतात. डिसेंबरात पारा उतरल्यावर जो धावपळ सुरू करतो, त्याच्या हाती शेकोटीखेरीज फारसे काही राहत नाही.

केळी हे मुळात उष्ण आणि दमट प्रदेशातले झाड. २७ अंश सेल्सियसच्या आसपास त्याची वाढ सर्वांत चांगली होते. किमान तापमान १६ अंशांखाली गेले की वाढ मंदावते आणि १० अंशांखाली ती जवळजवळ थांबते. पावसाळ्यात आठवड्याला एक पान टाकणारे झाड थंडीत एका पानाला पंधरवडा, कधी तीन आठवडे घेते. मुळे अन्न उचलत नाहीत. पाने पिवळी पडतात, देठ आखूड होतात आणि शेंड्याला पानांचा गुच्छ झाल्यासारखे दिसते. घड निसवण्याच्या वेळी असे झाले तर घड बाहेर पडायला वाटच राहत नाही. तो गळ्याशी अडकतो, वाकडा निघतो किंवा खांब फोडून बाजूने येतो. हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे.

आपल्या भागाची एक अडचण आणखी आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा हा मुलूख हिवाळ्यात काही रात्री ८ अंशांच्याही खाली येतो. उत्तरेला सातपुडा आहे. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उताराने पाण्यासारखी तापीकडे वाहू लागते. ज्याचे शेत उताराच्या पायथ्याला किंवा खोलगट जागी आहे तिथे ती साचते. म्हणून एकाच शिवारात एकाची बाग वाचते आणि दोन शेते सोडून दुसऱ्याची पिवळी पडते. आपले शेत यांपैकी कशात मोडते ते ओळखून ठेवा. शेतात पहाटे सर्वांत आधी धुके कुठे धरते, दव कुठे जास्त पडते, एवढे पाहिले तरी ते कळते.

आता पानांविषयी. इथे मला घरची गोष्ट सांगावीशी वाटते.

मी नववीत असताना आमची दोन एकर मृगबाग होती. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि करपा बऱ्यापैकी आला होता. वडिलांना कोणीतरी सांगितले की, पाने काढून बाग स्वच्छ करा, हवा खेळली की करपा जाईल. दिवाळीच्या आधी मजूर लावून त्यांनी खालची सगळी पाने छाटून घेतली. झाडाला पाच-सहा पाने राहिली असतील. बाग इतकी सुरेख दिसू लागली की, येणारे-जाणारे थांबून पाहत. शेजारच्या नानांची बाग मात्र अस्ताव्यस्त होती, लोंबत्या पानांची. आम्ही पोरे तिला हसायचो. दत्तजयंतीनंतर चार-पाच रात्री कडाक्याची थंडी पडली. नानांची बाग पिवळी पडली, पण सावरली. आमच्या बागेत निसवण सुरू झाली तेव्हा तिसरा हिस्सा खांबांत घड अडकले. जे बाहेर आले त्यांना चार-पाच फण्या, त्याही बोटाएवढ्या. व्यापाऱ्याने पाहून पाठ फिरवली. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न त्यामुळे एक वर्ष पुढे गेले. वडिलांनी त्यानंतर कोयता हातात घेऊन कधी हिरवे पान तोडले नाही.

पुढे शेतीशास्त्र शिकलो तेव्हा आमचे काय चुकले ते समजले. पान हे झाडाचे पोट आहे हे तर खरेच, पण रात्री ते पांघरूणही असते. दाट पानांच्या छताखाली जमिनीची ऊब कोंडून राहते. शिवाय घड नीट पोसायला झाडावर किमान आठ-दहा कार्यक्षम पाने लागतात, आणि थंडीत नवे पान महिन्याला एक-दोनच येते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जेवढी पाने घेऊन झाड थंडीत शिरेल, तेवढ्यावरच त्याला फेब्रुवारीपर्यंत दिवस काढायचे असतात.

मग करप्याचे काय करायचे? करप्याने पूर्ण वाळलेले पान काढा. अर्धे रोगट असेल तर तेवढाच भाग कापा आणि हिरवा ठेवा. कापलेले रोगट तुकडे बागेबाहेर नेऊन नष्ट करा, ओळीत टाकू नका. पाऊस उघडल्यावरही पहाटेच्या दवाने करपा पसरत राहतो, म्हणून प्रोपिकोनॅझोल १० मिली १० लिटर पाण्यात चिकट द्रवासह मिसळून एक फवारणी याच काळात उरकून घ्यावी. फवारा पानांच्या खालच्या बाजूलाही पोचला पाहिजे. कोरडी लोंबणारी निरोगी पाने मात्र खांबाभोवती राहू दिली तरी बिघडत नाही. ती दिसायला वाईट, पण खांबाला गोधडीसारखी असतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘थंडीत रात्री पाणी द्या’ ही शिफारस तुम्ही अनेक वर्षे ऐकत आला आहात. ती बरोबर आहे, पण ती ज्या काळी केली गेली त्या काळी विहिरीचे पाणी पाटाने सबंध वाफ्यात फिरत असे. खोल विहिरीचे किंवा ट्यूबवेलचे पाणी वर्षभर साधारण २५ अंशांच्या पुढेमागे असते. रात्री हवा ८ अंशांवर असताना ते पाणी जमिनीवर पसरले की त्याची ऊब बागेला मिळते. आज जवळजवळ सगळ्या बागा ठिबकवर आहेत. ठिबकने ओळीतला एक पट्टा तेवढा भिजतो, आणि नळीतून जाताना पाणी गारही होते. शेततळ्यातून पाणी देत असाल तर ते हवेबरोबर थंड झालेले असते. त्याने ऊब मिळण्याची आशा ठेवू नका.

मग ठिबकवाल्यांनी काय करावे? ओली जमीन दिवसाचे ऊन पोटात साठवते आणि रात्री हळूहळू परत देते. कोरडी, भुसभुशीत जमीन तसे करीत नाही, कारण तिच्या पोकळ्यांत हवा असते आणि ऊब खाली जातही नाही, वर येतही नाही. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज आला की, आदल्या दिवशी सकाळी किंवा दुपारपर्यंत पाणी देऊन वरचा वीतभर थर चांगला ओला करून ठेवा, म्हणजे दिवसभराचे ऊन त्यात मुरेल. ज्यांच्याकडे सौरपंप आहेत किंवा दिवसाच्या पाळीची वीज आहे, त्यांना रात्री मोटार सुरू करता येत नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही. ज्यांना रात्रीची वीज आणि विहिरीचे पाणी आहे त्यांनी मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत द्यावे. त्यातही एकट्याने जाऊ नका. बिबट्याची आणि सापाची भीती आपल्या भागात खरी आहे आणि कुठलाही घड माणसापेक्षा मोठा नाही.

पाणी देताना हात मात्र आखडता ठेवा. थंडीत झाडाची गरज उन्हाळ्याच्या साधारण निम्मी असते. काळ्या भारी जमिनीत रोज सवयीने तेवढेच पाणी सोडत राहिलात तर मुळांशी चिखल होतो, मुळे गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. मग आपण म्हणतो थंडीने पडली!

याच कारणाने आंतरमशागत लवकर आटोपा. बांधणी, भर लावणे, तण काढणे ही कामे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाली पाहिजेत. ऐन थंडीत जमीन उकरू नका. भर लावल्यावर पाण्याने ती दबून बसू द्या. केळीचा निरोगी वाळलेला पाला ओळीत अंथरला तर मुळांजवळची जमीन उबदार राहते. खांब लहान असलेल्या बागेत मात्र पाल्याचा जाड थर जमिनीची ऊब वर येऊ देत नाही, म्हणून रोपाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी.

आता वाऱ्याकडे वळू. शेवरी किंवा गजराज गवताची दाट कड ज्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली, त्यांची चिंता आज कमी आहे. ज्यांनी लावली नाही त्यांना आता ती वाढवून मिळणार नाही. त्यांनी उत्तर आणि पूर्व बाजूस हिरवी शेडनेट किंवा गोणपाट पुरुषभर उंचीपर्यंत बांधावे. आपण कड लावतो ती बहुतेक उन्हाळी झळांसाठी, पश्चिमेला आणि दक्षिणेला, आणि थंडीचा वारा येतो ती बाजू उघडी राहते. एक सूचना इथे करतो, ती सहसा कोणी सांगत नाही. शेताच्या उताराच्या शेवटी, म्हणजे खालच्या बांधावर कड फार दाट असेल तर ती बंधाऱ्यासारखी गार हवा अडवून धरते. तिथे खालचा फांदोरा छाटून दोन-चार ठिकाणी वाट करून द्या.

खताबाबत फार लांबण लावत नाही. केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश ही शिफारस तुम्हाला पाठ आहे. आपली चूक प्रमाणात होत नाही, वेळेत होते. पालाश पुढे ढकलला जातो आणि युरिया हातासरशी पडतो. थंडीच्या तोंडावर जादा युरिया दिला की, पान लुसलुशीत होते आणि पहिल्या गार रात्रीला बळी पडते. वेळापत्रकातला पालाशचा या वेळचा हप्ता चुकवू नका. झाडामागे २५० ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी असेही सांगितले जाते. पेंड कुजताना ऊब देते हे खरे असले तरी पाव किलोची ऊब ती किती असणार! मुळांच्या आरोग्यासाठी आणि सूत्रकृमींसाठी तिचा उपयोग आहे, त्या हिशेबाने जरूर द्या.

थंडीने पाने पिवळी पडल्यावर जमिनीतून युरिया देण्याचा मोह तर पूर्ण टाळा. त्या वेळी मुळे तो उचलतच नाहीत. पैसा पाण्याबरोबर खाली जातो.

ज्यांनी ऑक्टोबरमध्ये कांदेबाग लावली आहे त्यांची रोपे आज पाच-सात पानांची असतील. या रोपांना स्वतःचे छत नाही, म्हणून त्यांना बाहेरून पांघरूण द्यावे लागते. पातळ न विणलेल्या कापडाचे क्रॉप कव्हर आज आपल्या भागात सर्रास वापरले जाते. खर्च वाटतो, पण टिश्यूकल्चर रोपाची किंमत आणि सांधणीची मजुरी धरली तर तो परवडतो. कव्हर चार काड्यांवर असे बसवा की पोंग्याला घासणार नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी दोन ओळींत ताग पेरला असेल तर तो आत्ताच कापू नये. ज्यांची लागवड अजून राहिली आहे त्यांना माझा सल्ला कटू वाटेल. नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर लहान रोपे शेतात नेऊ नका. मूळ धरण्याआधी थंडी गाठते आणि ते रोप पुढे महिनाभर जागचे हलत नाही. मोठी केलेली रोपे मिळत असतील तरच लावा, नाहीतर रोपवाटिकेत आडोशाला ठेवा.

कांदेबागेत आणि तिच्या कडेला काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो असे काही ठेवू नका. हरण्या रोगाचा विषाणू या पिकांवर राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. ढगाळ गारव्यात मावा वाढतो. रोगट रोप दिसले तर दया न दाखवता कंदासह उपटून नष्ट करा.

मृगबागेच्या खांबांत या वेळी पोटात घड घडत असतो. तो बाहेरून दिसत नाही म्हणून आपण विसरतो. आज त्या झाडाची जी उपासमार होईल ती मार्चमध्ये फण्यांच्या संख्येत मोजता येईल. या बागेसाठी वर सांगितलेली पाने, पालाश आणि ओल हीच कामे आहेत, वेगळे काही नाही. फक्त पिले कोयत्याने नियमित कापत राहा.

ज्यांच्या बागेत आज घड लटकलेले आहेत त्यांनी सर्व फण्या निघाल्यावर केळफूल काढावे, आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व १०० ग्रॅम युरिया, चिकट द्रवासह, घडावर फवारावे. मग स्कर्टिंग बॅग चढवावी. १०० गेजच्या प्लॅस्टिकची, २ ते ६ टक्के सच्छिद्र अशी पिशवी मिळते. थंडीत कमी छिद्रांची घ्या. न विणलेल्या कापडाची मिळाली तरी चालेल. वरून दांड्याला बांधा, खालून उघडी ठेवा. पिशवीमुळे घड लवकर भरतो आणि सालीला डाग कमी पडतात. पक्व झालेला घड भाव वाढेल या आशेने थंडीत झाडावर ठेवू नका. १३ अंशांखाली फळ फार काळ राहिले की सालीच्या आत तपकिरी रेषा पडतात. कापताना त्या दिसत नाहीत, पिकल्यावर दिसतात. साल मळकट पिवळी होते, आणि दिल्लीकडचा व्यापारी पुढच्या गाडीला भाव पाडून मागतो. बऱ्हाणपूरच्या भावाकडे बघत बसण्यात आपले किती घड असे गेले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

राहता राहिली शेकोटी. इतके सगळे करूनही एखाद्या रात्री पारा फारच उतरला तर ती करावी लागते. धूर गोधडीसारखा बागेवर पसरतो आणि ऊब धरून ठेवतो असा समज आहे. धुराने ते काम फारसे होत नाही, काम करते ती आगीची ऊब. एक मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणून बांधाने आणि सऱ्यांच्या तोंडाशी लहान लहान शेकोट्या, पुष्कळ ठिकाणी. पहाटे तीनच्या सुमारास पेटवून सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवा, कारण सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या जरा आधी असते. काडीकचरा, तुऱ्हाट्या, लाकूड वापरा. जुन्या ठिबकच्या नळ्या, टायर आणि स्कर्टिंग बॅगा जाळू नका. त्याचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

फळपीक विम्याबद्दल दोन शब्द. हवामानावर आधारित विम्यात केळीसाठी थंडीचा निकष असतो. ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या अंशांखाली सलग ठरावीक दिवस तापमान राहिले तर भरपाई देय होते. मुदत सर्वसाधारणपणे ऑक्टोबरअखेरपर्यंत असते. ज्यांनी विमा घेतला आहे त्यांनी पावती, सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद एकमेकांशी जुळते का ते आजच पाहावे. लागवडीचे क्षेत्र एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, अशा कारणाने पैसे अडकलेले मी पाहिले आहेत. ही भरपाई मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बागेतल्या पाऱ्यावर नाही, हेही लक्षात असू द्या.

तरीसुद्धा प्रत्येकाने बागेत किमान तापमापक लावावा असा माझा आग्रह आहे. केंद्रावर ९ अंश असतील तेव्हा तुमच्या खोलगट शेतात ७ असू शकतात, आणि पानाचा पृष्ठभाग त्याहूनही गार. पाणी कधी द्यायचे, शेकोटीसाठी उठायचे की झोपायचे, हे त्यावरून ठरेल. तापमापक बागेतल्या सर्वांत खालच्या जागी, जमिनीपासून चार फुटांवर, उन्हापासून आडोसा करून लावा. रोज सकाळी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा आणि त्या रात्री वारा होता की नाही तेही लिहा. दोन हिवाळ्यांच्या नोंदी झाल्या की, तुमच्या शेताची थंडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

येताना मी दोन तापमापक बरोबर आणले आहेत. ते कसे वाचायचे आणि त्यातली खूण परत जागेवर कशी आणायची हे दाखवतो. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पुढे यावे. काही शंका असतील तर त्याही आताच विचारा.